डॉलर-ईच की फॉरईच? कॉलबॅकमध्ये आधी काय येतं ते बघा

चोपड्याच्या एका केळी व्यापाऱ्याला गाड्यांच्या वजनाचं पान बनवून दिलं होतं. पाच गाड्या भरल्या आणि बेरीज आली दहा. लगेच फोन: "भाऊ, पाच गाड्यास्ना माल दहाच क्विंटल?"

पान जुनं, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरचं, म्हणजे यादीवर फिरायला डॉलर-ईच ($.each); हात मात्र जावास्क्रिप्टच्या फॉरईचला (forEach) सरावलेला. कॉलबॅकच्या, म्हणजे यादीतल्या प्रत्येक वस्तूसाठी चालणाऱ्या फंक्शनच्या, पहिल्या पॅरामीटरला मी 'वजन' नाव दिलं. पण नावाशी लायब्ररीला काही देणंघेणं नसतं, ती जागेप्रमाणे देते. डॉलर-ईच आधी अनुक्रमांक देतं, मग वस्तू. म्हणजे मी शून्य, एक, दोन, तीन, चार यांचीच बेरीज करत होतो! एररही नाही, कन्सोल स्वच्छ.

जावास्क्रिप्टचं स्वतःचं फॉरईच (2009 च्या ईएस-5 या आवृत्तीपासून) आधी वस्तू देतं, मग क्रमांक, शेवटी अख्खी यादी. मॅप आणि फिल्टरचाही क्रम हाच, म्हणून एकदा पाठ झालं की झालं. जेक्वेरीचं तसं नाही. डॉलर-ईचमध्ये क्रमांक आधी, पण डॉलर-मॅपला यादी दिली की वस्तू आधी. निवडलेल्या घटकांवर डॉट-मॅप लावलं की पुन्हा क्रमांक आधी. डॉक्युमेंटेशनमध्ये हे प्रत्येक पानावर लिहिलेलं आहे, पण एकाच पानावर शेजारी-शेजारी ठेवलेलं असतं तर माझा तो फोन वाचला असता.

एका बाबतीत जेक्वेरी सरस आहे: मधेच थांबायचं असेल तर फॉल्स परत करा, डॉलर-ईच तिथेच थांबतं. फॉरईच ते फॉल्स ऐकतच नाही, पुढच्या वस्तूवर जातं. तिथे सम (some) किंवा फॉर-ऑफ (for...of) वापरा.

आणि तयार फंक्शन थेट कॉलबॅक म्हणून देताना जपून. '10', '10', '10' या तीन स्ट्रिंग्जच्या यादीवर मॅपमध्ये नुसतं पार्सइंट (स्ट्रिंगची पूर्णांक संख्या करणारं फंक्शन) द्या; उत्तर येतं 10, नॅन (NaN, म्हणजे 'संख्या नाही'), 2. क्रमांकाला पार्सइंट संख्यापद्धतीचा पाया समजून बसतं. डॉलर-मॅपही इथे वाचवत नाही.

नवीन पान असेल तर डोळे झाकून फॉरईच घ्या. जुनं जेक्वेरीचं पान चालू असेल तर त्यात अर्धं-अर्धं करू नका. बदलायचंच असेल तर प्रत्येक ईचचे पॅरामीटर हाताने उलटे करा. एडिटरच्या 'सगळीकडे बदला'वर सोडलंत तर नाव बदलेल, क्रम तसाच राहील.