आगाऊ पैसे भरून शेतातली भाजी, पुणे: पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर

तिमाहीचे पैसे आधी, आठवड्याला साधारण ५ किलोची टोपली, शेतात निघेल ते घ्यायचं. पद्धत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थेट मुद्द्यावर. शेताचं नाव देत नाही. भांडण शेतीशी नाही, पॅकिंगशी आहे.

मेथी, पालक, कोथिंबीर धुऊन, निथळू न देता बंद प्लास्टिकच्या पिशवीत येतात. काढणी आदल्या संध्याकाळी, टोपली दारात दुसऱ्या दुपारी. काढलेल्या पाल्याचं श्वसन चालूच असतं. त्यात दिवसभराच्या उन्हाची ऊब आणि धुतल्याचं पाणी, म्हणजे पिशवीत वाफ कोंडते आणि जुडीच्या पोटातली पानं आधी काळी, चिकट होतात. वरून सगळं हिरवंगार! हीच मेथी पहाटे मुळांसकट उपटून, माती झटकून, न धुता ओलसर गोणपाटात उभी आणली तर दोन दिवस सहज टिकते. गोणपाट परतही जातं. टोपली घेणाऱ्यांच्या ग्रुपवर शेताकडून उत्तर मिळालं, "ग्राहकांना चिखल नको असतो." अहो, चिखल नळाखाली जातो. सडका पाला कचऱ्यात जातो, पैसे भरलेला.

जुलैच्या झडीत टोपली साडेतीन किलोवर आली, मेथी, पालक, कोथिंबीर शून्य. निम्मा ग्रुप पैसे परत मागू लागला. तिथे मात्र शेतकऱ्याचीच बाजू बरोबर. जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी-ग्राहक थेट भागीदारीची ‘तेइकेई’ पद्धत रुजली, अमेरिकेत १९८६ मध्ये अशी पहिली शेतं सुरू झाली. तेव्हापासून करार हाच, की पेरणीला भांडवल द्यायचं आणि पिकात वाटा घ्यायचा, पडलं तर नुकसानीतही. कोथिंबीर वाफ्यातच सडली तर तो काय करणार? बदल्यात दोडका, पडवळ, अंबाडी आली, ती मुकाट्याने घ्यावी. पावसाचा तोटा दोघांचा. पिशवीचा तोटा पॅक करणाऱ्याचा, आणि तो भरून मागायलाच हवा.

दराबद्दलचं मत बदललं. सुरुवातीला टोपली महागच वाटते, आणि हिवाळ्यात मंडईत मेथीचे ढीग लागतात तेव्हा ती खरोखर महाग पडते. पण पावसाळ्यात कोथिंबिरीचा भाव कडाडतो तेव्हा टोपलीचा दर तोच राहतो. एका आठवड्याची पावती मंडईशी ताडून काही कळत नाही, किमान दोन हंगाम लावून बघा.

खाड्याची सोय चांगली: दोन दिवस आधी कळवलं की तो वाटा पुढे सरकतो. ‘सेंद्रिय’ म्हणत असतील तर पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनेचं प्रमाणपत्र मागा. त्यात गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. शेतातले फोटो कोणीही पाठवतो.

आता गोणपाट परत करणाऱ्यांनाच सुटी जुडी मिळते, बाकीच्यांना अजून प्लास्टिक. टोपली आली की आधी पिशवी फाडा, जुडी सोडा, काळी पानं निवडून टाका, उरलेला पाला पंख्याखाली अर्धा तास पसरा आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. भेंडी-गवारीला घाई नाही.