गिझरची कॉइल ‘उडाली’ असं सांगितलं, तर आधी ओहम मोजून घ्या

इंदिरानगरमधल्या एका घरातला १५ लिटरचा गिझर ऐन थंडीत तापेनासा झाला. कंपनीच्या नावाखाली इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर फोन केला, तासाभरात माणूस हजर. कॉइल उडाली, थर्मोस्टॅट गेला, टाकीही गळतेय, असं सांगून त्याने ३,८०० रुपये रोख घेतले. बिल दिलं नाही. जुनी कॉइल म्हणून एक गंजका तुकडा दाखवला, तो त्याच्याच पिशवीतला. गिझर पुन्हा बंद पडल्यावर दुसऱ्या मिस्त्रीने खोलला, तर आत मूळचीच कॉइल, क्षारांच्या पांढऱ्या थरासकट.

झालं होतं एवढंच, की पाणी जास्त तापल्याने सेफ्टी कटआउट (जादा तापलं की वीज तोडणारा स्विच) पडला होता. बऱ्याच मॉडेलमध्ये कव्हरखाली त्याचं छोटं बटण असतं. ते दाबलं की गिझर सुरू होतो. वारंवार पडत असेल तर मात्र थर्मोस्टॅटचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, चिकटलेत किंवा क्षार साचलेत. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत हे हमखास होतं.

कॉइल खरंच गेली का, हे मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) दोन मिनिटांत सांगतो. एमसीबी पाडून वीज तोडा, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवा आणि टर्मिनलवर ओहम, म्हणजे विजेचा रोध, मोजा. २,००० वॅटच्या कॉइलला साधारण २६ ओहम यायला हवेत, ३,००० वॅटच्या कॉइलला १७-१८. आकडा आलाच नाही, तर कॉइल तुटलेली. मग मल्टिमीटरचा एक प्रोब (टोक) टर्मिनलवर आणि दुसरा टाकीच्या धातूवर ठेवा. इथे काहीही आकडा दिसला तर कॉइल अर्थला लागतेय आणि २६ ओहम दाखवत असली तरी बदलावीच लागते. विजेच्या कामाचा सराव नसेल तर हे समोर उभं राहून करून घ्या. खरा मिस्त्री नकार देत नाही.

आता ती ‘गळती’. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिली फुगतं. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडणारच. गिझर थंड असतानाही ठिबकत असेल, तर बिघाड समजा, आणि तो बहुधा व्हॉल्व्हचाच; टाकीचा क्वचित. या माणसाने व्हॉल्व्हचं तोंड एमसीलने बुजवलं होतं. पैशांपेक्षा हा गुन्हा मोठा आहे: कटआउटही बिघडला तर वाढलेल्या दाबाला वाटच उरत नाही आणि टाकी फुटू शकते. असं काही दिसलं तर गिझर लगेच बंद करून व्हॉल्व्ह नवा बसवा.

कॉइल खरोखर बदलली, तर मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही बघा. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, म्हणून टाकी गंजत नाही. तो परत न लावताच कॉइलची प्लेट आवळणारे आहेत.

सर्व्हिसचा नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा गिझरच्या स्टिकरवरचाच घ्या. असं झालंच, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० वर, आणि त्याच दिवशी.