गावातला आरोग्य-अभ्यास की दवाखान्यातली औषध-चाचणी?

वर्धा, यवतमाळ किंवा गडचिरोलीकडच्या खेड्यातील माणसाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधनात सहभागी व्हायचे असेल, तर बहुधा यांपैकी एक मार्ग समोर येतो.

गावातल्या अभ्यासात प्रश्नावली, वजन, रक्तदाब आणि फार तर सिकलसेलसारख्या (आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या) तपासणीसाठी थोडे रक्त, एवढेच द्यावे लागते. शरीराला धोका नगण्य असतो; मात्र सिकलसेलचा अहवाल गावात फुटला तर त्याची झळ मुलीच्या सोयरिकीपर्यंत पोहोचते, म्हणून माहिती कोण पाहणार हे आधी विचारावे.

औषध-चाचणीचा हिशेब वेगळा आहे. कोणाला नवे औषध आणि कोणाला प्रचलित उपचार किंवा निष्क्रिय गोळी मिळेल, हे पुष्कळदा चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते; तेव्हा हमखास उपचार मिळेल या आशेने जाणे चुकीचे आहे. औषध-चाचण्यांबाबतच्या केंद्र सरकारच्या 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे, सहभागी निरक्षर असल्यास संमतीच्या वेळी निष्पक्ष साक्षीदार हवा, आणि संमतीपत्राची प्रत सहभागी व्यक्तीला मिळायला हवी. ती मागून घ्यावी. संकोच करण्याचे कारण नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत वारंवार दवाखान्यात जाणे म्हणजे मजुरी बुडणे, त्यामुळे प्रवासखर्चाचे आधीच ठरवावे. निरोगी माणसाने, माझ्या मते, पहिला मार्ग घ्यावा; प्रचलित उपचारांनी गुण न आलेल्या रुग्णाने दुसऱ्याचा विचार आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून करावा. सहभाग मध्येच सोडण्याची मुभा दोन्हींत असते.