किंग स्ट्रीटची ५०४: ट्राम हवी की बस?

टोरांटोच्या किंग स्ट्रीटवर धावणारी ५०४ क्रमांकाची स्ट्रीटकार, म्हणजे आपली ट्राम, बाथर्स्ट ते जार्व्हिस या दोन रस्त्यांमधल्या पट्ट्यात चांगली सेवा देते. पट्ट्याबाहेर गाडी तीच, चालक तोच, पण सेवा सुमार. दोष गाडीचा नाही, रस्त्याचा आहे.

१२ नोव्हेंबर २०१७ पासून या २.६ किलोमीटरमध्ये खासगी मोटारींना सरळ जायला बंदी आली. एखाद्या इमारतीपुरतं आत यायचं आणि पुढच्या चौकात उजवीकडे वळून बाहेर पडायचं. नियम मोडला तर ११० डॉलर दंड आणि लायसन्सवर दोन डिमेरिट पॉइंट, म्हणजे दोषाचे गुण. नवे रूळ टाकले नाहीत की उड्डाणपूल बांधला नाही. पाट्या, रंगाचे पट्टे आणि सिमेंटचे अडथळे एवढ्यावर काम भागलं. रोजचे प्रवासी ७२ हजारांवरून ८४ हजारांवर गेले आणि एप्रिल २०१९ मध्ये प्रयोग कायम झाला.

एक बदल फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. थांबे चौकाच्या अलीकडून पलीकडे नेले. थांबा अलीकडे असला की गाडी प्रवासी घेते, दारं लावते आणि तेवढ्यात सिग्नल लाल होतो. एकाच चौकात दोनदा खोळंबा. पलीकडच्या थांब्यावर चौक आधीच पार झालेला असतो. शिवाय प्रवाशाला रस्त्याच्या मधोमध जाऊन चढावं लागत नाही, कडेच्या लेनमध्येच थांबा आहे. इतरत्र दार उघडलं की मागच्या मोटारीने दारापासून दोन मीटर मागे थांबायचं असा कायदा आहे. तरी उतरताना उजवीकडे बघाच.

आता मूळ प्रश्न: इथे बस का नको? हिशेब करून बघा. एका दिशेने तासाला २,६०० माणसं न्यायची आहेत असं समजू. बारा मीटरच्या बसमध्ये दाटीवाटी न करता सुमारे ५० जण मावतात, म्हणजे तासाला ५२ बसा. जोडबस, म्हणजे मधे सांधा असलेली लांब बस, घेतली तर सुमारे ७५ जण, म्हणजे ३५ बसा. टोरांटोत धावणाऱ्या तीस मीटरच्या फ्लेक्सिटी ट्राममध्ये १३०, म्हणजे २० ट्रामा, दर तीन मिनिटांनी एक. ५२ बसा म्हणजे दर ७० सेकंदांना एक. सिग्नलचं एक चक्रच साधारण तेवढं किंवा त्याहून मोठं असतं. मग दोन-दोन बसा एका हिरव्यात सुटतात, थांब्यावर एकीमागे एक अडकतात, पुढची खच्चून भरते आणि मागची रिकामी पळते. चालकही अडीचपट लागतात, आणि चालू खर्चात पगार हीच सगळ्यात मोठी बाब.

पण तासाला १,२०० माणसं असतील तर हिशेब उलटतो. बस अडीच मिनिटांना येते, ट्राम साडेसहा मिनिटांना. अशा रस्त्यावर ट्रामचा हट्ट म्हणजे प्रवाशाला ताटकळत ठेवणं.

फ्लेक्सिटीची चारही दारं प्रवाशांसाठी आहेत, फरशी सबंध गाडीभर खाली, आणि भाडं आत चढल्यावर यंत्रावर टॅप करून द्यायचं. चालकापाशी रांग लागत नाही, वेळ वाचतो. मात्र हे श्रेय रुळांना देऊ नका. बसलाही सगळ्या दारांनी चढायची मुभा दिली तर फायदा बराचसा तोच. खरेदीचा अनुभव मात्र कडू: गाड्या उशिरा आल्या, आणि सुरुवातीच्या ६७ गाड्या वेल्डिंगमधल्या दोषापायी कारखान्यात परत पाठवाव्या लागल्या.

ट्रामची खरी दुखणी तीन. रुळावर कुणी डिलिव्हरीची गाडी उभी केली की वळसा घालता येत नाही. हिवाळ्यात कडेला बर्फ साचून मोटारी रुळांकडे सरकतात तेव्हा हे हमखास होतं. दुसरं, सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळायच्या जागा. इथल्या सांध्यात एकाच बाजूची पाती हलते, म्हणून चालक थांबून पाती नीट बसल्याची खात्री करतो आणि ताशी दहाच्या वेगाने पुढे सरकतो. चौकाचौकात हे झालं की वेळापत्रक कोलमडतं. तिसरं, रूळ बदलायला काढले की महिनोन् महिने पर्यायी बस.

बंदी कागदावर असून भागत नाही. करोनानंतर देखरेख ढिली पडली आणि मोटारी पुन्हा सरळ घुसू लागल्या. २०२३ च्या अखेरीस चौकांत वाहतूक एजंट उभे केले तेव्हाच प्रवासाचा वेळ पुन्हा खाली आला. पुण्याच्या बीआरटी लेनमध्ये दुचाक्या कशा शिरतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं नवल वाटणार नाही.

ब्रॅम्प्टन, मिसिसागाहून गो या उपनगरी ट्रेनने युनियन स्टेशनला उतरणाऱ्या मराठी मंडळींसाठी: फेब्रुवारी २०२४ पासून गोवरून टीटीसीत, म्हणजे शहराच्या ट्राम-बस सेवेत, बदललं तर टीटीसीचं वेगळं भाडं पडत नाही, मात्र दोन्हीकडे तेच कार्ड टॅप करा. चढण्याआधी पाटी वाचा. मूळ रचनेत ५०४ए डिस्टिलरी या भागाकडे जाते आणि ५०४बी ब्रॉडव्ह्यू स्टेशनकडे. रुळांची कामं चालू असली की दोन्ही बदलतात. गाडी फार उशिरा धावत असेल तर नियंत्रण कक्ष तिला मधूनच माघारी वळवतो आणि सगळ्यांना खाली उतरवतात. मागून येणाऱ्या गाडीत पुन्हा टॅप करा. पहिल्या टॅपपासून दोन तासांच्या आत नवं भाडं कापलं जात नाही.