अपग्रेडनंतर व्हीएमला कार्ड मिळेना: जुना कर्नल, दुरुस्ती की पासथ्रूला रामराम?

गुहागरजवळ मावसभावाचा काजूचा कारखाना आहे. हिशेब, हजेरी, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, सगळं एकाच सर्व्हरवर. तो प्रॉक्समॉक्सवर (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) चालतो; मी तो 8 वरून 9 वर नेला. वेब पान उघडलं, पण फाइल सर्व्हरचं व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, सुरू होईना. डिस्क ज्या एचबीए कार्डावर (डिस्क जोडायचं कार्ड) आहेत, ते कार्ड थेट या व्हीएमला दिलेलं होतं; यालाच पासथ्रू म्हणतात. गणपतीला आठ दिवस राहिलेले आणि कामगारांचे पगार व्हायचे होते.

अशा वेळी तीन वाटा असतात. कुठली धरायची ते ठरवण्याआधी एकदा 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवून कार्डाखालची ड्रायव्हरची ओळ वाचा. कार्डच दिसत नसेल तर अपग्रेडला दोष देऊ नका, मशीन उघडा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कार्डाचे संपर्क हिरवे पडतात. कार्ड दिसतंय, पण 'डीमेसेज'मध्ये (सुरू होतानाच्या नोंदींत) आयओएमएमयू (उपकरण व्हीएमला थेट देण्यासाठी लागणारी सोय) चालू झाल्याचा पत्ता नाही, तर बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचं त्याच सोयीचं नाव) बघा. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला आणि रात्रभर लाईट गेली, की बायोस मूळ सेटिंगवर जातो आणि व्हीटी-डी बंद होऊ शकतं. अपग्रेडनंतर मशीन रीबूट होतंच, म्हणून हा दोषही त्याच्याच माथी बसतो.

आमच्याकडे त्या ओळीत व्हीएफआयओ-पीसीआयऐवजी एमपीटी3एसएएस लिहिलेलं होतं. पहिला ड्रायव्हर कार्ड व्हीएमसाठी राखून ठेवतो, दुसरा ते होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या, कामाला लावतो. म्हणजे कार्ड होस्टने आधीच धरलं होतं.

पहिली वाट, जुना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा आधीचा गाभा. अपग्रेडनंतर 6.8 चा कर्नल सहसा मशीनवर शिल्लक असतो आणि पाच मिनिटांत काम होतं. पण तो बूट मेनूतून हाताने निवडून निर्धास्त होऊ नका. पहाटे लाईट जाऊन आली की मशीन पुन्हा नव्या कर्नलवर उठेल, आणि तेव्हा तिथे कोणी नसेल. 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल पिन' वापरून तो कायम करा. तोटा असा, की पिन केलेली आवृत्ती तिथेच गोठते, सुरक्षेच्या दुरुस्त्या तिला मिळत नाहीत. पगाराचा आठवडा काढायला ठीक, वर्ष काढायला नाही.

दुसरी वाट, नव्या कर्नलवर नीट दुरुस्ती. माझा कौल हिलाच, मात्र हाताशी एक मोकळा दिवस हवा. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर लोड करण्याच्या) फाइलमध्ये कार्डाचा आयडी व्हीएफआयओ-पीसीआयला द्यायचा, एमपीटी3एसएएसच्या आधी व्हीएफआयओ-पीसीआय लोड होईल अशी सॉफ्टडेपची ओळ घालायची, इनिटरामएफएस (बूट होताना सुरुवातीला लोड होणारी फाइल) पुन्हा बनवायचं, रीबूट करायचं. त्याच आयडीचं दुसरं कार्ड होस्टला लागत असेल तर ही युक्ती चालणार नाही, दोन्ही कार्डं जातील. झेडएफएस (अनेक डिस्कचा एक पूल करणारी फाइल सिस्टिम) असेल तर आणखी जपा: होस्टने पूल इंपोर्ट केलेला असताना व्हीएमनेही तोच उघडला तर डेटा कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून कार्ड मोकळं झाल्याची खात्री होईपर्यंत व्हीएमचं आपोआप सुरू होणं बंद ठेवा.

जुन्या सूचनांमधल्या काही ओळी आता निरुपयोगी आहेत. कर्नल 6.2 पासून व्हीएफआयओ-व्हीआयआरक्यूएफडी हे वेगळं मॉड्यूल राहिलेलं नाही, तेव्हा त्याच्या नावाने येणारी तक्रार सोडून द्या. प्रॉक्समॉक्सच्या 6.8 पासूनच्या कर्नलमध्ये इंटेलचं आयओएमएमयू मुळातच चालू असतं, तेही पुन्हा लिहायला नको. 'ग्रुप इज नॉट व्हायेबल' असं आलं तर कार्डाच्या आयओएमएमयू गटातलं (जी उपकरणं एकत्रच देता येतात) दुसरं एखादं उपकरण होस्टकडे आहे. तिथे एसीएस ओव्हरराइड (असे गट जबरदस्तीने फोडणारं सेटिंग) लावण्याआधी कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा, कारण ओव्हरराइडमुळे उपकरणांमधल्या विलगीकरणाची हमी उरत नाही.

तिसरी वाट, पासथ्रूच सोडणं. कार्ड होस्टकडे ठेवून एकेक डिस्क तिच्या बाय-आयडी नावाने (न बदलणाऱ्या ओळखीने) व्हर्टआयओ स्कझीमार्फत (आभासी डिस्क-जोडणीतून) व्हीएमला द्यायची. वेग थोडा कमी होतो, डिस्कची स्मार्ट (तब्येतीची) माहिती व्हीएममध्ये दिसत नाही, ती होस्टवर बघावी लागते. पण पुढच्या अपग्रेडला हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. तुमच्या गावात बघायला कोणीच नसेल आणि तुम्ही मुंबईहून फोनवर सांभाळत असाल, तर हीच घ्या. व्हिडिओसाठी इंटेलचा अंगचा ग्राफिक्स लागत असेल तर व्हीएमऐवजी कंटेनर (होस्टचाच कर्नल वापरणारा वेगळा कप्पा) बघा, तिथे होस्टचाच ड्रायव्हर वापरला जातो.

आम्ही त्या रात्री जुना कर्नल पिन केला, पगार झाले. गौरी-विसर्जनानंतरच्या रविवारी दुरुस्ती केली आणि पिन काढला. मग मशीन रीतसर बंद करून यूपीएसचा प्लग काढला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, कोणी कीबोर्डला हात लावायचा नाही असं ठरवून. भाऊ दारात टॉर्च घेऊन उभा होता. कॅमेऱ्यांची चित्रं परत आली, तेव्हाच त्याने शटर ओढलं.