आशाताईंच्या घरभेटी: बाळ 9 महिन्यांचं झालं, आता सांगते

आम्ही पुण्यात जनता वसाहतीत राहतो, वरच्या अंगाला, रिक्षा खालीच थांबते. मुलीला आत्ताच गोवर-रुबेलाची लस झाली, म्हटलं आता लिहावं, कारण कोणी गरोदर असली की हमखास विचारते की या आशाताई, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविका, घरी येऊन नक्की करतात काय.

पहिला दीड महिना एक नंबर. डिलिव्हरी दवाखान्यात झाली असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्यांनी यायचं असतं, आपल्याला पैसे काही द्यावे लागत नाहीत. आल्या की आधी साबणाने हात धुणार, मग बाळ झोळीच्या काट्यात, काखेत थर्मामीटर, नाळ बघणार आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजणार. 60 किंवा त्याच्यावर गेले तर परत मोजायचे, तरी तेवढेच आले तर सरळ दवाखाना. दूध ओढत नसेल, अंग गार पडलं, छाती आत जात असेल तरी तेच. व्हिडिओत हे सगळं असतं म्हणा, पण आपल्याच बाळाच्या पोटाकडे बघत शेजारी बसून कोणी मोजायला लावलं की ते डोक्यात बसतं.

आमची जन्मली तेव्हा अडीच किलोच्या आत होती, त्यात सासूबाईंनी गुटी उगाळायला घेतलेली. ताई म्हणाल्या, आजी, सहा महिने पाणीसुद्धा नाही हो. तर सासूबाई, "आमची पोरं काय मेली का?" ताईंनी वाद घातलाच नाही, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायचं काम त्यांनाच देऊन टाकलं, मी जेवायला उठले की आता तुम्ही धरा. दोन दिवसांत सहाण कपाटावर! ही घरभेटीची पद्धत मुळात आपल्या गडचिरोलीची, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून उभी केलेली, 2011 पासून देशभर आली.

आता खटकलं ते. 42 दिवसांनंतर भेटी एकदम विरळ, 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यात. माझी खरी तारांबळ तर तेव्हाच सुरू झाली, चौथ्या महिन्यात मी परत धुण्याभांड्याला जायला लागले, दूध हाताने कसं काढायचं, वाटी-चमच्याने कोण पाजणार, सहाव्या महिन्यात वरणभात किती घट्ट, नुसतं वरणाचं पाणी का नको, हे दर आठवड्याला विचारावंसं वाटायचं आणि पुढची भेट लांब. त्यात भेट सकाळी अकराला, तेव्हा कामावरची बाई घरी असते होय? आमच्या ताई नंतर रविवारी संध्याकाळी यायला लागल्या, पण तो त्यांचा चांगुलपणा झाला, व्यवस्था नाही. पहिल्या 42 दिवसांच्या सगळ्या भेटींचे मिळून ताईंना 250 रुपये आणि नंतरच्या भेटीला 50, एवढ्यावर आमचा चढ चढून रविवारी कोण येईल सांगा.

पहिल्या बाळाचे सरकारच्या मातृ वंदना योजनेचे 5,000 रुपये दोन हप्त्यांत येतात, दुसऱ्या हप्त्याला लसींच्या नोंदी लागतात म्हणून लसींचं कार्ड जपा. आणि बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर निघायच्या आधी इथल्या ताईंना सांगा, तिथल्या ताईंचा नंबर मिळवा, कार्ड सोबत न्या. माझ्या जावेचं तेच झालं, ती गावी, नाव पुण्यात, पहिले आठवडे कोणीच आलं नाही.