नऊ महिने ग्रान टुरिस्मो ७: गाडी मिळाली, पण कुणाला हरवून?

गेले नऊ महिने आठवड्यातल्या चार-पाच संध्याकाळी मी हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम खेळतोय. प्लेस्टेशन ५ (पीएस५) वर, साध्या कंट्रोलरने. गेम आला ४ मार्च २०२२ ला, मी घेतला बऱ्याच उशिरा, त्यामुळे मोठे अपडेट येऊन गेल्यानंतरचं त्याचं रूप माझ्या हाती पडलं. ग्राफिक्स सुंदर आहेत, गाड्यांचे आवाज छान आहेत, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला लिहायचंय ते करिअरबद्दल. गाड्या कशा मिळतात, आणि त्या मिळवताना समोर कोण असतं.

सुरुवात जुन्या गाड्यांच्या दुकानातून होते. टोयोटा ॲक्वा, होंडा फिट आणि माझदा डेमिओ, या तीन छोट्या जपानी गाड्यांतली एक घ्यायची. मी फिट घेतली. मग कॅफेत जायचं. तिथला लुका एक ‘मेन्यू बुक’ देतो, म्हणजे ठरावीक गाड्या गोळा करायचं काम. पहिलं काम याच तीन गाड्यांचं. शर्यतीत पहिल्या तिघांत आलात की बक्षीस म्हणून गाडी मिळते, आणि तिन्ही जमल्या की लुका त्यांच्याबद्दल बोलतो. ही गाडी का बनली, तिच्या घराण्यात आधी कोण होतं, वगैरे. पहिल्या दिवशी मी ते बटण दाबून पुढे ढकलत होतो. तिसऱ्या-चौथ्या मेन्यूपासून थांबून वाचायला लागलो. अनलॉक होणाऱ्या गाडीची इतक्या आपुलकीने ओळख करून देणारा दुसरा रेसिंग गेम मला माहीत नाही.

गाड्यांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला आहे. आधी कमी ताकदीच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. मग मागच्या चाकांवर चालणाऱ्या, ज्या कॉर्नरमधून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला की मागून घसरतात. लायसन्सच्या परीक्षा याच शिकवणीचा भाग आहेत. नॅशनल बी पासून सुपरपर्यंत पाच लायसन्स, प्रत्येकात दहा परीक्षा. सगळ्या ब्राँझने पास झालात तरी एक गाडी मिळते, सगळ्या गोल्डने केल्यात तर आणखी एक. इंटरनॅशनल ए च्या एका परीक्षेत मी तीन संध्याकाळ अडकलो होतो. गोल्ड पडलं तेव्हा मिळालेली गाडी मी आजही विनाकारण बाहेर काढतो, कारण तिच्यामागचा प्रत्येक ब्रेकिंग पॉइंट मला पाठ आहे. माझ्या लेखी बक्षीस म्हणजे हे.

प्रगतीची गाठ गाडीशी कशी बांधायची, याचे इतर प्रयोगही झालेत. २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्ट या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये प्रत्येक गाडीची लेव्हल वाढवल्याशिवाय तिचे पार्ट्स उघडत नव्हते; खेळाडूंच्या नाराजीनंतर मार्च २०२४ च्या अपडेटमध्ये ती अट काढावी लागली. एकाच गाडीत तासन्‌तास बसवून तिच्यावर प्रेम जडवता येत नाही. जीटी ७ मध्ये पैसे असले की पार्ट्स लावता येतात, आणि ते मला जास्त पटतं.

आता पैशांचं. मेन्यू बुक्स संपेपर्यंत गाड्या हातात येत राहतात, पैशांची चिंता नसते. ती संपली की गेमची चव बदलते. लेजेंड कार्सच्या दुकानात दोन कोटी क्रेडिट्सच्या घरातल्या गाड्या असतात, त्या काही दिवसच दिसतात आणि मग निघून जातात. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटने बऱ्याच शर्यतींची बक्षिसं कमी केली होती, त्यावर जगभर ओरड झाली. मग गेम बनवणाऱ्या कंपनीने माफी मागितली, खेळाडूंना दहा लाख क्रेडिट्स दिले, एप्रिलमध्ये बक्षिसं वाढवली आणि साठवण्याची मर्यादा दोन कोटींवरून दहा कोटींवर नेली. मी खेळायला लागलो तोवर हे सगळं निस्तरलं होतं, तरी ग्राइंड, म्हणजे पैशांसाठी तीच तीच शर्यत पुन्हा करणं, आहेच. माझा आधार म्हणजे टोकियो एक्स्प्रेसवेची ६०० पीपीची शर्यत (पीपी म्हणजे गाडीच्या क्षमतेचे गुण). बारा लॅप, साडेपाच लाखांचं बक्षीस, आणि कुणालाही न धडकता पूर्ण केली तर निम्मे आणखी, म्हणजे एकूण ८,२५,०००. दोन्ही बाजूंना भिंती, त्यात कधी पाऊस. भिंत घासली की बोनस गेला. शेवटच्या लॅपला हातांना घाम येतो, आणि ही शर्यत मी शंभरदा केली तरी कंटाळलो नाही याचं कारण ती भिंत आहे.

प्रतिस्पर्धी मात्र नाहीत. माझं दुखणं इथे आहे. बहुतेक करिअर शर्यती रोलिंग स्टार्टने, म्हणजे गाड्या धावत असतानाच, सुरू होतात. तुम्ही रांगेच्या शेवटी, पहिली गाडी कितीतरी सेकंद पुढे. मग एकेकाला गाठत जायचं. एआय गाड्या, म्हणजे गेमच चालवतो त्या, आपापल्या रेषेवर चालतात, कॉर्नरच्या बऱ्याच आधी ब्रेक लावतात, आतून शिरलात तर जागा अडवायला येत नाहीत. तुम्ही शर्यत करत नसता, रहदारीतून वाट काढत असता. डिफिकल्टी एक्स्पर्टवर नेली तर ते सरळ रस्त्यावर वेगवान होतात, हुशार होत नाहीत. मिरचीचं चिन्ह असलेल्या शर्यती कठीण आहेत, त्यांत मजा येते, पण तिथेही लढाई बव्हंशी घड्याळाशी असते.

याच गेममध्ये सोफी राहतो, म्हणून हे जास्त लागतं. सोफी हा सोनी एआयने घडवलेला प्रतिस्पर्धी. हजारांहून जास्त पीएस४ वर याच मालिकेतला आधीचा गेम चालवून, चुकत-शिकत तो तयार झाला. ट्रॅकवर पुढे सरकलं की गुण, भिंतीला लागलं किंवा कुणाला धडकलं की दंड. जुलै २०२१ मध्ये निवडक चालकांविरुद्धच्या सांघिक सामन्यात तो हरला, ऑक्टोबरमध्ये जिंकला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर होता. नोव्हेंबर २०२३ पासून तो पीएस५ वर क्विक रेसमध्ये, म्हणजे करिअरबाहेरच्या झटपट शर्यतींत, कायमचा आला.

पहिल्यांदा त्याच्याशी खेळलो तेव्हा एका हेअरपिनवर, म्हणजे यू आकाराच्या वळणावर, मी आत शिरलो. नेहमीच्या एआयने जागा सोडली असती. ही गाडी बाहेरून माझ्या शेजारी तशीच राहिली, एक गाडी मावेल इतकं अंतर ठेवून, आणि बाहेर पडताना मी जरासा रुंद गेलो तर त्या फटीतून निघून गेली. मी खुर्चीत सरळ बसलो. पुढच्या लॅपला त्याने तीच फट पुन्हा शोधली, म्हणून मी आधी ब्रेक लावून लवकर बाहेर पडलो, आणि पहिल्यांदा या गेममध्ये मला दुसऱ्या कुणाच्या चालीवरून माझी चाल बदलावी लागली.

पण हा सगळा आनंद या करिअरच्या बाहेर. लुकाची मेन्यू बुक्स, बक्षिसाच्या गाड्या, मोठे क्रेडिट्स, हे सगळं जुन्या एआयच्या घरात. त्या पहिल्या तीन छोट्या गाड्यांच्या शर्यतीत सोफी असता, अगदी सौम्य करून ठेवलेला असता, तरी ती ॲक्वा मला वेगळ्या किमतीची वाटली असती.

रोजच्या ४२.१९५ किलोमीटरच्या कोट्यावर मिळणाऱ्या रुले तिकिटाबद्दल (एक प्रकारची सोडत) एवढंच म्हणतो की ते उघडताना मला काहीच वाटत नाही. नशिबाने आलेल्या गाड्या माझ्या गॅरेजमध्ये पाहुण्यांसारख्या उभ्या आहेत, त्यांचं नावही पटकन आठवत नाही.

नवीन खेळाडूने मेन्यू बुक्स घाईने संपवू नयेत. दोन-तीन झाली की मिळालेली गाडी घेऊन सोफीशी अर्धा तास खेळून यावं आणि मग पुढचं उघडावं. मी हे सहाव्या महिन्यात सुरू केलं. काल रात्री ती पहिली फिट बाहेर काढली, ऑइल बदललं, आणि सोफीसमोर पाच शर्यती केल्या. सर्वात चांगला क्रमांक चौथा. तिसरा येणारी गाडी शेवटच्या कॉर्नरला माझ्या पुढे अर्ध्या गाडीने होती, आणि तिथे मी एक गिअर खाली टाकायला हवा होता. आज तोच बघायचाय.